सूचक, अनुमोदक

विषय क्रमांक एक कधीच बदलत नाही. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस हातात पडली की मी ही ओळ वाचतसुद्धा नसे. खरं सांगायचं तर पहिले वीस-बावीस विषय मी वाचत नसे. पानं उलटून थेट शेवटाकडे जायचो, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या ओळीपाशी. भांडणं तिथं होतात, आणि मला भांडण हवं असायचं.

एका तालुक्याच्या गावी मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो. पगारी नाही, छापून आलेल्या मजकुरावर मानधन मिळणारा. गावात ‘क’ वर्ग नगरपरिषद. चाळीस हजारांच्या आत वस्ती असली की ‘क’, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’ आणि त्यावर ‘अ’. शाळेच्या तुकड्यांसारखीच ही वर्गवारी, आणि ‘क’ तुकडीतल्या मुलांकडे मास्तर ज्या नजरेने बघतात त्याच नजरेने मंत्रालय आमच्याकडे बघतं, असं आमचे एक मुख्याधिकारी खाजगीत म्हणत. माझ्याकडे शीर्षकं तीन होती. ‘सभेत गदारोळ’, ‘सत्ताधारी-विरोधक आमनेसामने’ आणि ‘पाणीप्रश्नावरून सभात्याग’. आलटून पालटून वापरली की वर्ष निघून जायचं.

सभागृह म्हणजे पहिल्या मजल्यावरची लांबट खोली. घोड्याच्या नालेसारखं टेबल, मधोमध उंच पाठीची नगराध्यक्षांची खुर्ची, शेजारी मुख्याधिकारी. भिंतीला टेकून खातेप्रमुख बसायचे, मांडीवर फायली घेऊन. तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरांसारखे. पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, करवसुली, आस्थापना. आपल्या खात्याचा विषय आला की उठायचं, विचारलं तेवढंच सांगायचं, परत बसायचं. आणि नगराध्यक्षांच्या उजव्या हाताला, कोपऱ्यात, सभा लिपिक. त्याच्यासमोर प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्ताचं पुस्तक. एवढ्या माणसांत तो एकटाच कोणाकडे मान वर करून बघत नसे.

विषयपत्रिकेची भाषा मला सुरुवातीला हास्यास्पद वाटायची. मोकाट कुत्र्यांपासून स्मशानातल्या शेडच्या पत्र्यांपर्यंत सगळं एकाच सुरात. ‘...बाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.’ ‘...कामी येणाऱ्या खर्चास मंजुरी देणे.’ ‘...चे अवलोकन करणे.’ आणि सगळ्यांत लाडका शब्द, ‘कार्योत्तर मंजुरी’. उद्‌भवावरची, म्हणजे जिथून गावाचं पाणी उचलतात तिथली, मोटर रात्री दोन वाजता जळते, पाणीपुरवठ्याचा अभियंता पहाटे रिवाइंडिंगवाल्याला उठवतो, संध्याकाळपर्यंत गावाला पाणी सुटतं. मग महिन्याभराने सतरा माणसं बसून ठरवतात की मोटर दुरुस्त करावी. हसू येतं खरं, पण दुसरा काय मार्ग आहे? संसारातही अर्धी कामं कार्योत्तर मंजुरीनेच होतात. फरक इतकाच, की तिथं विषय नामंजूर झाला तर इतिवृत्तात लिहावं लागत नाही.

एका सभेची गोष्ट सांगायची म्हणून हा लेख लिहायला घेतला, तर आधी तीच सांगतो.

चौतीस विषय होते. सहावा विषय एका चौकाला नाव देण्याचा. दोन गट, दोन नावं, दोन्ही थोर माणसांची. थोर माणसांचं एक बरं असतं, त्यांच्या नावाने भांडताना आपण थोर वाटतो. पावणेदोन तास चाललं. कोणी टेबलावर चढलं, कोणी माइक ओढला, कोणी ‘तीनशे आठ टाकतो’ म्हणून ओरडलं. हा आकडा नगरपरिषदेच्या सभेत मंत्रासारखा ऐकू येतो. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांना ठरावाची अंमलबजावणी रोखता येते. त्यामुळे हरणाऱ्या बाजूला सभागृहाबाहेरही एक दार उघडं असतं. शेवटी विरोधक घोषणा देत बाहेर पडले. मग उरलेल्या अठ्ठावीस विषयांचं काय झालं? सत्ताधाऱ्यांनी सोपे वाटले ते अकरा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ करत उरकले, आणि ज्यांवर आकडे वाचून दाखवायची वेळ येणार होती ते ‘पुढील सभेत ठेवावे’ म्हणून ढकलले.

माझी बातमी चार कॉलमी लागली, फोटोसकट. कात्रण अजून आहे.

ढकललेल्या विषयांत विषय क्रमांक 22 होता : ‘जलशुद्धीकरण केंद्रास लागणारी तुरटी व टीसीएल पावडर वार्षिक दराने खरेदी करणेकामी प्राप्त निविदांवर विचार करणे.’ पुढची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. तोवर पाऊस लागला. नदीला पहिला गढूळ लोंढा आला, आणि गढूळ पाण्याला तुरटी जास्त लागते तेव्हाच केंद्रावरची रास तळाला गेली. आठवडाभर गावाने चहासारखं पाणी भरलं. दवाखान्यातल्या रांगा वाढल्या. शेवटी शेजारच्या नगरपरिषदेकडून उसन्या गोणी आणल्या आणि पुढं कधीतरी त्याला कार्योत्तर मंजुरी मिळाली.

त्या दिवसांत ‘गढूळ पाण्याने नागरिक हैराण’ अशी बातमी करायला मी टाकीवर गेलो होतो. तिथल्या व्हॉल्व्हमनने मला बसायला डबा दिला आणि म्हणाला, ‘भाऊ, तुमच्या पेपरात चौकाचं आलं होतं ना, त्याच सभेत तुरटीचा विषय होता. ते नाही आलं.’

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तो नुसती माहिती पुरवत होता. पण मला ते लागलं, कारण मी त्या सभेत बसलो होतो. विषयपत्रिका माझ्या खिशात होती.

या व्हॉल्व्हमनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नगरपालिकेचं काम म्हणजे नेमकं काय हे मला त्याने शिकवलं. हा माणूस पहाटे चारला सायकलवर निघायचा. पुढच्या नळीला आडवी बांधलेली लोखंडी चावी, टी आकाराची, त्याच्या छातीइतकी उंच. गावाचे सात झोन. प्रत्येक झोनला एक दिवसाआड पन्नास मिनिटं पाणी. उंचावरच्या गल्लीला दाब मिळावा म्हणून खालचा व्हॉल्व्ह आधी तीन आटे आवळायचा, मग वरचा सोडायचा. कोणत्या व्हॉल्व्हला किती आटे, कुठला अर्ध्यावर अडकतो, कुठल्या चेंबरमध्ये विंचू असतो, हे कुठल्याही नकाशावर नव्हतं. होतं ते त्याच्या मनगटात. नियमाप्रमाणे भुयारी गटार नसलेल्या गावाला माणशी रोज 70 लिटर पाणी द्यायचं असतं, भुयारी गटार असेल तर 135. हे आकडे आराखड्याच्या फायलीत असतात. त्याच्यापाशी हिशेब वेगळा होता : ‘शेवटच्या घरची बाई दाराशी येऊन थांबली नाही, म्हणजे पाणी पुरलं.’

शेवटच्या घरी तो ओटी टेस्ट करायचा. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब औषध टाकायचं, पिवळा रंग आला की क्लोरिन पोचलं. टोकाच्या नळालाही लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं असावं लागतं. टाकीत भरपूर टाकून चालत नाही. वाटेत पाइप जुना असेल, गळती असेल, तर ते मध्येच खपून जातं. म्हणून तपासायचं ते टोकाला. त्याची एक वही होती, तारीख, गल्ली आणि ‘आला’ किंवा ‘नाही आला’. पाच वर्षांच्या अशा वह्या केंद्रावरच्या कपाटात उंदरांनी कुरतडलेल्या अवस्थेत मी पाहिल्यात. गावात साथ आली नाही त्या प्रत्येक दिवसाची नोंद त्यांत होती. साथ आली नाही याची बातमी कशी करायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर मी विषयपत्रिका पहिल्यापासून वाचायला लागलो. एकदम शहाणा झालो असं नाही. भांडणांच्या बातम्या देतच राहिलो. मानधन त्यांचंच यायचं. पण वाचायला लागलो.

आणि वाचताना एक मजेशीर गोष्ट सापडली. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली, तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा अठरा कामांची यादी. घटना म्हटलं की आपल्याला न्याय, स्वातंत्र्य, समता आठवतात. या यादीत चौदाव्या क्रमांकावर दफनभूमी आणि स्मशानं आहेत, पंधराव्यावर कोंडवाडे, सोळाव्यावर जन्ममृत्यूच्या नोंदी, सतराव्यावर रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ आणि बसथांबे. अठरावे खाटीकखाने. भारताच्या संविधानात कोंडवाडा आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आमच्या गावचा कोंडवाडा नगरपरिषदेच्या मागे होता, भिंत पडलेली, आत गुरांपेक्षा जास्त जप्त केलेल्या हातगाड्या. त्या दिवसापासून तिथून जाताना मी जरा सांभाळून बघायचो.

सभा लिपिकाशी मैत्री व्हायला वेळ लागला. मितभाषी माणूस, पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणार. एकदा मी त्याला विचारलं, ‘त्या चौकाच्या सभेचं प्रोसिडिंग दाखवाल का?’ त्याने पान काढलं. पावणेदोन तासांचा धिंगाणा दीड ओळीत होता : ‘सदर विषयावर सभागृहात सविस्तर चर्चा झाली. सबब, विषय बहुमताने मंजूर करण्यात येत आहे.’ खाली सूचक म्हणून एक नाव, अनुमोदक म्हणून दुसरं.

‘सविस्तर चर्चा?’ मी म्हणालो.

‘मग काय लिहू? टेबलावर चढले असं लिहू?’ तो म्हणाला. ‘पन्नास वर्षांनी कोणी हे पुस्तक उघडेल तेव्हा त्याला काय पाहिजे? कोणी मांडलं, कोणी दुजोरा दिला, काय ठरलं. कोण कोणाला काय म्हणालं ते तुमच्या पेपरात असतं, आणि पेपर रद्दीत जातो.’

हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आताही पूर्ण पटत नाही. ‘सविस्तर चर्चा झाली’ या तीन शब्दांच्या आड किती गोष्टी गाडल्या जातात हे मी पाहिलंय. विरोध करणाऱ्याचं नाव लिहायचं राहून जातं. कधी ते मुद्दाम राहतं. पुणे नगरपालिकेत महात्मा फुले 1876 ते 1882 सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पैसे उधळायला त्यांनी विरोध केला, तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणाले. तो विरोध नोंदला गेला, सांगितला गेला, म्हणून आपल्याला माहीत आहे. ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढंच उरलं असतं तर? तरी त्या लिपिकाचं एक म्हणणं माझ्या डोक्यात राहिलं, सूचक-अनुमोदकाचं. कुठलाही ठराव आपोआप होत नाही. कोणीतरी एकाने आपलं नाव लावून म्हणावं लागतं की हे व्हावं, आणि दुसऱ्या कोणीतरी, त्याच्या शेजारी आपलं नाव लावून, होय म्हणावं लागतं. स्मशानातला पत्रा बदलायचा असला तरी.

2011 पासून निम्म्या जागा बायकांना आल्या. सुरुवातीची चेष्टा सगळ्यांना ठाऊक आहे : बाई सभागृहात आणि त्यांचे ‘साहेब’ व्हरांड्यात, चिठ्ठ्या आत-बाहेर. मीही त्यावर एक खुसखुशीत स्फुट लिहिलं होतं. ते आता वाचवत नाही. कारण त्याच सभागृहात एक ताई होत्या, शिवणकाम करणाऱ्या, पहिली दीड वर्षं एक शब्द न बोललेल्या. एका सभेत पथदिव्यांच्या देखभालीच्या बिलाचा विषय आला. ताई उठल्या, पर्समधून शंभर पानी वही काढली आणि म्हणाल्या, ‘माझ्या प्रभागातले नऊ दिवे बंद आहेत. बिलात बारा दुरुस्त केले लिहिलंय. कुठले बारा?’

विद्युत विभागाचा कर्मचारी म्हणाला, ‘तुमच्या भागातलेच असतील, मॅडम.’

‘कुठल्या खांबावरचे?’

उत्तर नव्हतं, कारण खांबांना नंबरच नव्हते. गावात अडीच हजार खांब, आणि त्यातला एकही दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नव्हता. दिवा गेला की लोक सांगायचे, ‘पिंपळाच्या पुढचा, गिरणीच्या अलीकडचा.’ ताईंनी तिथल्या तिथं सूचना मांडली : सर्व खांबांवर रंगाने क्रमांक टाकावेत, नोंदवही ठेवावी, आणि क्रमांक लिहिल्याशिवाय दुरुस्तीचं बिल काढू नये. अनुमोदन विरोधी गटातल्या एका सदस्याने दिलं, बहुधा सत्ताधाऱ्यांची फजिती होतेय म्हणून. ठराव झाला. कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या तीन महिन्यांत दोन रंगारी डबे घेऊन गावभर फिरले आणि प्रत्येक खांबावर पिवळ्या पट्ट्यात काळे आकडे उमटले.

माझ्या वीस वर्षांच्या वार्ताहरकीत मी पाहिलेला हा सर्वांत कामाचा ठराव. त्या चौकाचं नाव आजही लोक घेत नाहीत, जुनंच घेतात. पण ‘एक हजार चारशे बारावरचा गेलाय’ असं आमच्या गावात शाळकरी पोरगंही फोन करून सांगतं.

पैशाचं लिहायला हवं, पण त्यात माझा जीव रमत नाही. जुनी माणसं जकात नाक्याचे दिवस सांगतात, वेशीवरचा बांबू, रात्रभर जळणारा कंदील, रोजची रोकड. 1999 साली नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं. तेव्हापासून पगार कधी होणार हे मुंबईवर ठरतं. घरपट्टी, पाणीपट्टी ही हक्काची मिळकत, पण दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची म्हटलं की निवडणूक आडवी येते. ज्याला मत मागायचं त्याच्याच घराला फूटपट्टी कशी लावायची? त्यामुळे अंदाजपत्रकाच्या सभेत वसुलीवर कोणी बोलत नाही. खर्चावर सगळे बोलतात.

महाडला मी उशिरा गेलो. चवदार तळं पाहायला रीघ असते, तशी मीही पायऱ्यांवर थोडा वेळ बसलो. पण माझ्यातला सभागृहात बसलेला माणूस तळ्याऐवजी नगरपालिकेकडे बघत होता. कारण या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी एक साधा, रुटीन वाटावा असा ठराव आहे. सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेली, सार्वजनिक संस्थांकडे असलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. तो झिरपत झिरपत खाली आला आणि 5 जानेवारी 1924 रोजी महाड नगरपालिकेने आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला.

आणि मग तीन वर्षं काहीच झालं नाही. प्रोसिडिंग बुकात एक ओळ वाढली, तळ्याच्या पायरीवर पाऊल वाढलं नाही. मी कितीतरी ठरावांचं असं झालेलं पाहिलंय, ‘कार्यवाही सुरू आहे’ या शेऱ्याखाली झोपलेले. पण आमच्याकडे झोपतात ते गटारीचे आणि शौचालयाचे ठराव. महाडचा झोपलेला ठराव माणसाला पाणी पिऊ देण्याचा होता. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा ते एका अर्थी नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी करत होते. अंमलबजावणीला नगरपालिकेचा माणूस न येता ज्यांच्यासाठी ठराव झाला तीच माणसं आली, आणि त्यासाठी त्यांनी डोकी फोडून घेतली.

पुढचं मला अधिक झोंबतं. 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. ठरावाने दिलेलं ठरावानेच काढून घेतलं. कागदावर दोन्ही सारखेच दिसत असणार : विषय, निर्णय, सह्या. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तोवर तळं ही खाजगी मालमत्ता असल्याचा दावा न्यायालयात गेला होता. तो चालला दहा वर्षं. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की तळं नगरपालिकेचंच आहे, आणि अस्पृश्यांना तिथं मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची रूढी सिद्ध होत नाही.

तिथून परत येताना एसटीत त्या सभा लिपिकाचं बोलणं आठवत होतं. पन्नास वर्षांनी कोणी पुस्तक उघडेल तर त्याला काय पाहिजे. मला वाटलं, त्याला ठरावाच्या पुढचं पान पाहिजे, अंमलबजावणीचं. ते पान कुठल्याच प्रोसिडिंग बुकात नसतं.

2021 च्या अखेरीपासून राज्यातल्या नगरपरिषदांच्या मुदती संपत गेल्या आणि निवडणुका झाल्याच नाहीत. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयाच्या तारखा. याच सुमारास नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांतून, हा नियमही 2020 ला एकीकडे आणि 2022 ला दुसरीकडे असा फिरला. गावोगावी प्रशासक आले. आमच्याकडेही आले.

वार्ताहरकी तोवर मी सोडली होती. घराच्या उताऱ्याच्या कामासाठी नगरपरिषदेत गेलो, तर सभागृहाचं दार उघडं, आत झाडणारी बाई. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. जुना सभा लिपिक निवृत्त झालेला, त्याच्या जागी एक तरुण मुलगा. मी विचारलं, ‘सभा होतात?’

‘होतात ना. प्रशासक साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब, मी, आणि ज्याचा विषय तो खातेप्रमुख.’ त्याने पुस्तक दाखवलं. सुवाच्य अक्षर, एक खाडाखोड नाही. ‘प्रशासक ठराव क्रमांक’ अमुक. ‘सबब, सदर कामास प्रशासक यांची मंजुरी देण्यात येत आहे.’ पानामागून पान.

‘सूचक, अनुमोदक?’

तो हसला. ‘कोणाला लिहू? साहेबच मांडणार, साहेबच मंजूर करणार.’

या काळाबद्दल नुसतं वाईट बोलणं खोटं ठरेल. निविदा वेळेवर उघडल्या गेल्या. कर बुडवणाऱ्या दोन-चार बड्या लोकांच्या नळजोडण्या तुटल्या, जे निवडून आलेल्यांच्या राज्यात झालं नसतं. तुरटीचा विषय एकदाही तहकूब झाला नाही. ‘अशीच राहू दे की’ असं म्हणणारी बरीच माणसं मला भेटली, आणि त्यांतली काही अगदी शहाणी होती.

पण खांबांवरचे आकडे उडाले. ऊन-पावसाने पिवळा रंग पडला, नवीन बसवलेल्या खांबांना आकडे मिळालेच नाहीत, आणि एके दिवशी क्रमांकाशिवाय बिलं निघायला लागली. कोणी मुद्दाम केलं नाही. वही काढून ‘कुठल्या खांबावरचे?’ असं विचारणारं तिथं कोणी नव्हतं, एवढंच. त्या ताईंना लोकांचे फोन येतच होते. त्या म्हणायच्या, ‘अहो, मी आता कोणी नाही.’ आणि मग संध्याकाळी मशीन बंद करून वायरमनच्या घरी जायच्या.

6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, 2 डिसेंबरला मतदान झालं, मोजणी लांबून 21 डिसेंबरला झाली. आमच्याकडे निम्मे चेहरे नवे. ताई उभ्या राहिल्या नाहीत. प्रभाग बदलला होता, आरक्षणही.

पहिली सभा उपनगराध्यक्ष आणि स्वीकृत सदस्यांची, ती हारतुऱ्यांतच गेली. त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेला मी गेलो. पत्रकारांच्या बाकावर एक मुलगा मोबाइल उभा धरून बसला होता, थेट प्रक्षेपणासाठी. त्याने सरकून जागा दिली. विषयपत्रिका मागितली तर म्हणाला, ‘कशाला काका, राडा झाला की कळेलच.’ मी काही बोललो नाही. मला बोलायचा अधिकार नव्हता.

सभा लिपिक उभा राहिला. ‘विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ पानभर मजकूर त्याने वाचला. एक नवा नगरसेवक, इंजिनिअरिंग केलेला पोरगा, म्हणाला, ‘याच्या आधीची सभा केव्हा झाली होती?’

‘सदस्यांची? 2021 च्या डिसेंबरात.’

‘तिचं इतिवृत्त कायम झालं होतं का?’

लिपिकाने मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं. मुख्याधिकारी आल्यालाच आठ महिने झाले होते. खातेप्रमुखांपैकी कोणीतरी खोकलं. नगराध्यक्ष म्हणाले, ‘ते नंतर बघू, पुढचा विषय घ्या.’

‘नंतर नको, आधी ते पुस्तक मागवा,’ दुसरीकडून आवाज आला.

पुस्तक आणायला शिपाई रेकॉर्ड रूमकडे गेला. तोवर वेळ घालवायचा म्हणून विषय क्रमांक दोन घेतला. तो होता पथदिव्यांच्या खांबांचं सर्वेक्षण करून क्रमांक टाकण्याचा. विषयपत्रिकेत तो कोणाच्या अर्जावरून आला असेल याचा मला अंदाज होता. चर्चा झाली नाही. लिपिकाने पेन उघडलं आणि सवयीने, मान वर न करता विचारलं, ‘सूचक?’

एकदम पाच-सहा आवाज आले. दोन्ही गटांतून. दोघे उभे राहिले, एक जण म्हणाला आधी मी हात वर केला, दुसरा म्हणाला खांब सगळ्यात जास्त माझ्या प्रभागात आहेत. शेजारच्या मुलाने मोबाइल झटकन तिकडे वळवला.

लिपिकाने पेन हवेतच धरलं होतं. ‘अहो, एकच नाव सांगा,’ तो म्हणाला, ‘दुसऱ्याला अनुमोदक करतो.’